समजा, एक बाई आहे

सरांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "समजा, एक बाई आहे."

तत्त्वज्ञान विभागात या 'समजा'वरच सगळ्यांची पोटं भरतात. समजा, एक माणूस बुडतोय. समजा, दुसरा खोटं बोलतोय. कुणाला ना नाव, ना गाव. याच विभागातल्या मॅडम तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांची प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि निवड समितीवर सर होते, म्हणून त्यांच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवायला आल्या होत्या. आईला घरी एकटं ठेववत नाही, म्हणून तिलाही आणलं होतं.

"नवऱ्याने तिला जन्मभर मारलं," सर सांगत होते. "मग त्याची स्मृती गेली. आता तीच त्याला भरवते. तिने रागवायचं कुणावर? मारणारा माणूस उरलाच नाही! तेव्हा राग ही इथे निव्वळ तार्किक चूक ठरते. पण बाई शहाणी आहे. तिने केव्हाच माफ केलंय."

टाळ्या पडल्या. मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. संशोधन करत असताना सरांच्या खोलीत बसून, रडत रडत, हे त्यांनीच सांगितलं होतं. आईबाबांचं. तेच त्यांनी प्रबंधात घातलं, तर सरांनी पानभर लाल रेघ ओढली होती: फार खाजगी आहे, यात तत्त्वज्ञान नाही. मेल्याने रेघ ओढली आणि माल खिशात घातला!

गप्प बसण्यातच शहाणपण होतं. खड्ड्यात गेली मुलाखत. मॅडम ताडकन उठल्या.

"सर, समजायची गरज नाही. ती बाई इथेच बसलीय. तिलाच विचारा."

सर गोड हसले. "अहो, ते नुसतं उदाहरण आहे."

आई खुर्चीला धरून सावकाश उभी राहिली. "माफ? त्यांना मीठ चढं लागायचं. जरा कमी पडलं की ताट अंगावर यायचं. आजारपणात तीन वर्षं मी त्यांना अळणी भरवलं. रोज तोंड वाकडं करायचे. का, ते त्यांना कळायचं नाही. मला कळायचं."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. सर हातातले कागद उगाच खालीवर करू लागले. बरी जिरली, मॅडमना वाटलं.

आई मात्र खाली बसली नाही. ती लेकीकडे वळली.

"मी उंबऱ्याबाहेर कधी अवाक्षर काढलं नाही," ती म्हणाली. "यांना कुणी सांगितलं?"