रुपेरी पानांचं पाणी

झाडाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. चंदेरीबाबांनी फांदी वाकवली आणि आवाज चढवला, "हे पान काल संध्याकाळी मी स्वतः पुसलं! आता बघा, चांदी! ही पानं धुतलेलं पाणी प्या, पोटातली पीडा पळालीच म्हणून समजा!"

पानावर खरोखरच रुपेरी थर चमकत होता. लोकांनी बाटल्या पुढे केल्या. त्या गर्दीत छकुलीच्या आत्याला आपली वहिनी दिसली, कडेवर छकुलीला घेतलेली.

"वहिनी, हे पोरीला पाजतेस?"

"काय करू मग? सारखं पोट दुखतं तिचं. आता तर जास्तच दुखतंय. बाबा म्हणतात, पीडा जाताना त्रास देणारच."

शहरातल्या झाडांची पानं गोळा करून त्यांवरचे धातू मोजणं हेच आत्याचं काम. हवेत जे उडतं ते पानांवर बसतं. या झाडामागे जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी होती, आणि ती रात्रीच पेटायची. आत्याने पानं नेऊन तपासली. मग एका संध्याकाळी सगळ्यांदेखत एक फांदी पुसून प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि शेजारच्या गच्चीवर स्वच्छ काच ठेवली. सकाळी पिशवीतली पानं हिरवीगार, काच रुपेरी.

"चांदी झाडातून येते, तर पिशवीतली पानं कोरी कशी? ही भट्टीची धूळ आहे. यात शिसं आहे, शिसं! लेकरांना विष पाजताय!"

मग बाबा गरजले, "पाहिलंत? शक्ती काचेतही उतरली!"

लोक काचेला हात जोडू लागले. आत्याला हसावं की रडावं कळेना.

तपासणीत छकुलीच्या रक्तात शिसं निघालं. झालेलं नुकसान किती भरून येईल, डॉक्टरांनाही सांगता येईना. आत्याने भावाला, छकुलीच्या बापाला, गाठलं. तो त्याच भट्टीत कामाला होता.

"दादा, तुला माहीत होतं?"

"धूळ आमचीच, हे माहीत होतं. ती आपल्याच घरात पाजतात, हे नव्हतं." त्याने मान खाली घातली. "पण भट्टी बंद पडली, तर वस्तीने खायचं काय? तूच सांग."

आत्याने प्रदूषण खात्याकडे भट्टीची तक्रार केली, तिथले साहेब म्हणाले, "बघू." भट्टी चालूच राहिली. छकुलीचं पाणी तेवढं थांबलं.

आत्या अजून त्या झाडापाशी उभी राहते. येणाऱ्या आयांना सांगते, एखादीच थांबून ऐकते: "बाबा खरे की खोटे, हा वाद तुम्ही नंतर घाला. आधी लेकराच्या तोंडात जे घालताय ते आलं कुठून, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते ओतून द्या आणि लेकराला घेऊन डॉक्टरकडे जा."