फिल्टरमधली चमकी

"इथं सही करा, बाई. दोनच ओळी आहेत."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरनं कागद आत्याच्या टेबलावर ठेवला, तोही नेमका नुकत्याच पुसून मांडलेल्या पान्यांवर, आणि टॅपेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दोन ओळी तिनं टेबलाच्या पलीकडून उलट्या वाचल्या. 'माझ्या वर्कशॉपमध्ये या गाडीत चुकीचं ऑइल घातलं गेलं. इंजिन त्यामुळे निकामी झालं.' झालं! बावीस वर्षं इंजिनं उघडून पुन्हा उभी करणाऱ्या आत्याची अब्रू दोन ओळींत गुंडाळून मोकळे! हा कागद एकदा गाडीवाल्यांच्या क्लबात फिरला, की आत्याच्या दारात इंजिन तर सोडाच, कुणी सायकलसुद्धा हवा भरायला आणणार नव्हतं.

टॅपेट म्हणजे आत्याची भाची, वय वर्षं सोळा. इंजिनातला टॅपेट ढिला झाला की टकटक टकटक करत सुटतो आणि थांबायचं नाव घेत नाही, म्हणून आत्यानं ठेवलेलं हे नाव. शाळा सुटली की ती दप्तर टायरच्या ढिगावर भिरकावून थेट डांगरी चढवायची. डांगरी स्वतःची होती, निळी, मापाची, तीन महिन्यांपूर्वीच मिळालेली. तेव्हापासून ती शाळेतही जरा खांदे रुंद करूनच चालायची.

मॅनेजरच्या मागं दातांचे डॉक्टर उभे होते. गाडी त्यांची. लाल, जमिनीला चिकटलेली, आणि तिच्यातलं ते इंजिन! टॅपेटला त्याची कुंडली तोंडपाठ होती. आठ सिलिंडर, चार लिटर, चारशे वीस घोड्यांची ताकद, मिनिटाला आठ हजार चारशे फेरे. असं इंजिन तीन आठवड्यांपूर्वी ऑइल बदलायला आत्याकडे आलं, कारण डॉक्टरांना शर्यतीच्या ट्रॅकवर जायचं होतं आणि कंपनीत तारीख मिळत नव्हती. परवा ते भर रस्त्यात खाडखाड वाजलं आणि बसलं.

"अशा इंजिनात कुठलंही ऑइल ओतून चालत नाही," मॅनेजर म्हणाला. "सामान्य मेकॅनिकला याची कल्पना नसते."

"सामान्य!" टॅपेट फुटलीच. "या इंजिनाच्या थ्रॉटलच्या मोटारी जळतात, ते तहानलेल्यासारखं ऑइल पितं आणि बिग एंड बेअरिंग झिजतं, हे आत्यानं मला सातवीत असताना सांगितलंय! तुमच्या माहितीपत्रकात आहे का एक तरी ओळ?"

"टॅपेट, हळू," आत्या म्हणाली. ती अजून हात पुसत होती, एकेक बोट सावकाश. "डॉक्टर, बेअरिंग म्हणजे पिस्टनचा दांडा जिथं फिरतो तिथली अस्तराची पातळ पट्टी. तिच्या आणि लोखंडाच्या मध्ये फक्त ऑइलचा पडदा असतो. थंड ऑइल मधासारखं असतं, लवकर पोचत नाही. म्हणून इंजिन गरम व्हायच्या आत जोरात रेस करायचं नाही. तुम्ही करता?"

"मी? छे! मी नेहमी पाच मिनिटं वाट बघतो."

हा माणूस! रोज दहा लोकांना 'रात्री ब्रश करता का, खरं सांगा' म्हणून दरडावणारा! टॅपेटनं खिशातून फोन काढला. गाडी न्यायला आले होते त्या दिवशी डॉक्टरांनी चालू केल्या केल्या तिला अशी डरकाळी फोडायला लावली होती, की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली होती. टॅपेट धावत बाहेर गेली होती आणि खिडकीतून हात घालून तिनं सगळं टिपलं होतं. व्हिडिओत ऑइलच्या तापमानाचा काटा तळाशी झोपलेला आणि फेऱ्यांचा काटा लाल पट्टीत.

"वाट बघता, नाही का?" तिनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

डॉक्टरांचे कान गाडीच्या रंगाचे झाले. पण मॅनेजर कसला खमका! "एका व्हिडिओनं काय होतं? ऑइल कुठलं होतं, तो प्रश्न आहे."

"जा, पिशवी आण," आत्या टॅपेटला म्हणाली.

पिशवी म्हणजे आत्याचा नेम. कुठल्याही गाडीचं ऑइल बदललं, की जुना फिल्टर कापायचा, त्याचा कागद शिकंज्यात पिळून घडी घडी उलगडायचा, उन्हात धरून बघायचा, वरून लोहचुंबक फिरवायचं. मग तो कागद, कामाचं कार्ड आणि नव्या ऑइलच्या डब्याचा कापलेला तुकडा एका पारदर्शक पिशवीत. 'इंजिन गप्प बसतं, पण त्याचा फिल्टर चहाड्या करतो,' असं आत्या म्हणायची. डांगरीबरोबर फिल्टर बघायचं काम टॅपेटच्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात कसलं, ते ती पदकासारखं मिरवत होती.

मागच्या फडताळातून तिनं पिशवी ओढली. डब्याचा तुकडा होता, त्यावर ऑइलची ग्रेड: दहा-साठ, अगदी हवी तीच. तिला नाचावंसं वाटलं. मग तिनं कागद उजेडात धरला.

घड्यांच्या तळाशी चमकी होती. तांबूस, बारीक, नखांना लावतात तशी.

ही चमकी तिनं पाहिली होती! त्या दिवशी कागद अर्धा उलगडला होता, डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं होतं, आणि तेवढ्यात बाहेर डरकाळी झाली होती. ती फोन घेऊन पळाली. परत आली, कागद पिशवीत कोंबला आणि कार्डावर लिहिलं, 'फिल्टर: ठीक'. अक्षरही काय वळणदार!

तिनं चमकी दाखवली असती तर? तर आत्या धावत बाहेर आली असती. गाडी तिथंच थांबली असती. इंजिन वाचलं असतं.

तिनं कागद काढून फडताळामागं सरकवला आणि पिशवीत नुसतं कार्ड नि डब्याचा तुकडा ठेवून बाहेर गेली.

"हे बघा. दहा-साठ."

मॅनेजरनं तुकडा दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा उचलला. "असा पत्रा कुठूनही कापता येतो, बेटा. आम्ही काय दुधखुळे आहोत?"

"बेटा म्हणू नका!"

"बरं, फिल्टर कुठाय?" आत्यानं विचारलं. टॅपेटकडे बघून नव्हे, पिशवीकडे बघून.

टॅपेटचा टकटकाट बंद पडला. आत्यानं मान वर केली. डॉक्टरांनी खिशातून पेन काढून कागदाशेजारी ठेवलं, आणि ते पेन बघून टॅपेटचं डोकं पुन्हा फिरलं. चोर ते चोर आणि वर शिरजोर! यांनी थंड इंजिन पिळायचं, त्यांनी पत्रं टाइप करून आणायची, आणि सही कुणी करायची, तर ज्या माणसाचं काम अगदी बरोबर होतं त्या माणसानं! आणि ती स्वतः काय करत होती? तीही सही आत्याच्याच हातात ढकलत होती की!

ती मागं गेली आणि कागद घेऊन आली. "हा. मी लपवला होता. यात चमकी आहे, आणि मी त्या दिवशी नीट न बघता 'ठीक' लिहिलं. व्हिडिओ काढायला पळाले म्हणून."

आत्या कागद घेऊन दारात गेली, उन्हात धरला, लोहचुंबक फिरवलं. चमकी जागची हलली नाही.

"लोखंड असतं तर चिकटलं असतं," ती म्हणाली. "हे बेअरिंगचं अस्तर आहे. आणि हा जुना फिल्टर, मी काढलेला. म्हणजे माझं ऑइल आत जायच्या आधीच इंजिन झिजत होतं." तिनं फिल्टरच्या कागदाची कड मॅनेजरकडे वळवली. तिथं पांढऱ्या रंगानं तारीख घातलेली होती. "हे अक्षर कुणाचं, साहेब?"

अक्षर सर्व्हिस सेंटरचं होतं. मॅनेजरला अचानक फोन बघायची आठवण झाली.

"म्हणजे तुम्हाला आधीच कळायला हवं होतं!" डॉक्टर आत्यावर ओरडले. "सांगितलं असतं तर माझं इंजिन वाचलं असतं!"

"हो," टॅपेट म्हणाली. एवढा छोटा शब्द तिनं आयुष्यात कधी उच्चारला नव्हता.

आत्यानं मॅनेजरचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः लिहायला घेतलं. टॅपेट खांद्यावरून वाचत होती. 'ऑइल योग्य घातलं, दहा-साठ. काढलेल्या फिल्टरमध्ये बेअरिंगचे कण होते, म्हणजे झीज आधीची. कण दिसले असूनही आम्ही मालकांना कळवलं नाही, ही आमची चूक.'

"हे शेवटचं कशाला?" टॅपेट उसळली. "त्यांनी एक तरी चूक कबूल केली का? थंड इंजिन कुणी पिळलं, ते लिही ना! कंपनीत कुणी काही बघितलं नाही, ते लिही!"

"त्यांचं त्यांनी लिहावं. हे आपलं पत्र आहे." आत्यानं सही केली आणि पेन तिच्यापुढं धरलं. "तुझीपण."

टॅपेटनं पहिल्यांदाच टॅपेट न लिहिता पूर्ण नाव लिहिलं.

"असलं पत्र मी नेऊ शकत नाही," मॅनेजर म्हणाला.

"का?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज आता वेगळ्याच दिशेला वळला होता. "जुनं ऑइल तुम्ही घातलेलं. तेव्हा तुम्ही काढलेला फिल्टर कुणी कापून बघितला होता?"

"आमच्याकडे तशी पद्धत नाही, डॉक्टर."

"द्या इकडे ते पत्र." डॉक्टरांनी कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घातली. दारापर्यंत जाऊन ते थांबले. "मी खूश नाहीये, मॅडम. तुमच्यावरही नाही."

"नसणारच," आत्या म्हणाली.

दोघं भांडत भांडत गेले. टॅपेट धुमसत राहिली. ढोंगी! शिरजोर! 'तशी पद्धत नाही' म्हणे! आत्यानं तिला ना रागावलं, ना जवळ घेतलं. सकाळी आलेल्या टॅक्सीचा कापलेला फिल्टर तेवढा तिच्या हातात ठेवला.

"ऊन आहे तोवर बघून घे."

टॅपेट दारात बसली. डांगरीच्या बाह्या वर केल्या, कागद पिळला, घडी घडी उलगडत चालली, तोंडानं शिव्याशाप चालूच. पाचवी घडी. सहावी. सातव्या घडीपाशी तिची बडबड थांबली. फोन खिशात वाजत होता, तो तिनं वाजू दिला.

"आत्या," ती ओरडली, "टॅक्सीवाल्याला जाऊ देऊ नकोस!"