शून्य गुणांची काचपट्टी

मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली एक काचपट्टी बोलतेय. बोटभर लांब, अंगठ्याएवढी रुंद आणि जन्मापासून संशयी. कारखान्यातून पन्नास बहिणींसोबत डबीत बंद होऊन निघाले तेव्हाच ठरवलं, कोणाच्या गोड बोलण्याला भुलायचं नाही.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ कृष्णवेणीबाईंनी माझ्या अंगावर एक पातळ पापुद्रा चिकटवला. भुजंगरावांच्या जठरातल्या कॅन्सरच्या गाठीचा. भुजंगराव म्हणजे मेटगळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, लेथवर मापात काम करणारे. त्यांच्या गाठीत एक ठरावीक प्रथिन आहे का, ते पाहायचं होतं. असलं तर रसायन लावल्यावर पेशींच्या कडा तपकिरी होतात आणि त्या प्रथिनावर नेम धरणारं खास औषध देता येतं.

मी काही तपकिरी झाले नाही. मला आधी रसायनाचाच संशय आला. शिळं असेल, नाहीतर बाई घाईत असतील! पण ते प्रथिन नक्की असलेली, पडताळणीसाठी ठेवलेली शेजारची पट्टी चहासारखी रंगली होती. तेव्हा मुकाट्याने मानलं.

आठवड्याने भुजंगरावांच्या पत्नी नर्मदाबाई अहवाल आणि मला न्यायला आल्या. त्यांचं मराठी ऐकून सोलापूरहून नव्याने आलेल्या लॅबच्या डॉ. मृदुला खर्डेकर हरखल्या. "काकू, त्या प्रथिनाच्या तपासणीत शून्य गुण पडलेत बघा," म्हणाल्या आणि फोन वाजला म्हणून आत गेल्या.

नर्मदाबाईंनी मला आणि अहवाल घाईने पिशवीत टाकला. इथल्या जुन्या मराठी घरांत कन्नड मुरलेलं. त्यात गुण होणं म्हणजे बरं होणं; म्हणून शून्य गुण म्हणजे आता बरे होणार नाहीत, असं त्यांनी धरलं. शून्य गुण म्हणजे काय, हे त्यांनी कोणाला विचारलंच नाही. दूधवाल्यावरही विश्वास न ठेवणारी बाई, पण वाईट बातमीवर लगेच विश्वास बसला. माणसांचं हे मला कधीच कळलेलं नाही.

कुवेंपुनगरच्या घरी त्यांनी मला आणि अहवालाला चिंचेच्या डब्यामागे लपवलं. उपचार सोमवारी सुरू व्हायचे होते.

"डॉक्टर ऊरला गेलेत अंते, गावाला गेलेत म्हणे. पुढच्या सोमवारी जाऊया," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मरणारच आहेत तर सुयांचा छळ कशाला, असं त्यांच्या मनात. असे तीन सोमवार गेले. मला आतून ओरडावंसं वाटत होतं.

पण भुजंगराव प्रत्येक माप दोनदा घेणारे. डॉक्टर इतके दिवस गावाला कसे, म्हणून त्यांनी शोधाशोध केली आणि मी सापडले.

"हे काय गं?"

नर्मदाबाई रडू लागल्या. "गुण शून्य म्हणाल्या त्या. तुम्हाला कसं सांगू मी?"

"शून्य अंदरे? शून्य म्हणजे काय? माप कोणी घेतलं? मीच विचारतो."

मला खिशात घालून ते बसने थेट लॅबमध्ये आले. ऐकून डॉ. मृदुलांनी कपाळाला हात लावला.

"अहो काका, गुण म्हणजे मार्क! ते एक औषध तुम्हाला लागू पडणार नाही, एवढंच. बाकीची आहेत की. केव्हाच सुरू व्हायला हवी होती."

"मग बरा होईन?"

"तीन आठवडे फुकट गेले, काका. गाठ किती वाढली ते तुमचे डॉक्टर बघतील. मला नक्की काही सांगता येत नाही." त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्यावर मात्र मी शंका घेतली नाही.

घरी नर्मदाबाई दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाल्या? माझ्यामुळे काही..."

"छे! तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही म्हणाल्या. सोमवारी जाऊया. आधी कॉफी टाक."

बाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग पदराने डोळे पुसले आणि कॉफी टाकायला गेल्या.

मी खिशात होते. सगळं ऐकलं होतं.

आता मी भुजंगरावांच्या फायलीत असते. उपचार चालू आहेत. कधी त्यांना दोन घास जातात, कधी नाही. तुमच्यावर तरी विश्वास ठेवावा की नाही, कळत नाही. पण कुवेंपुनगरला नर्मदाबाई भेटल्या, तर माझी शपथ आहे, त्या तीन आठवड्यांचं त्यांना सांगू नका.