रिकाम्या कपाटाची नक्कल

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा पाहू. तुमच्या घरात एक कपाट आहे, आणि तस्संच दुसरं कपाट खूप दूर, कुणा परक्याच्या भल्यामोठ्या कोठारात आहे. दोन्हींच्या मध्ये धावायला एक सांगकाम्या आहे. 'घरच्या कपाटात आहे तेच तिकडे ठेव, घरी नसेल ते तिकडूनही फेकून दे,' म्हटलं की निघाला वाऱ्यासारखा. 'का?' म्हणून विचारणं त्याला माहीत नाही. 'नक्की ना?' तर नाहीच नाही.

भिंगरीच्या आईचा लॅपटॉप म्हणजे घरचं कपाट, आणि क्लाउड म्हणजे ते दूरचं. सांगकाम्या राहायचा लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीत. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आई एक ओळ लिहायची, एंटर दाबायची, की काम फत्ते. एका कचेरीच्या फाइली ती अशाच सांभाळायची. मात्र हुकूम पुसण्याचा असला की आधी 'तालीम' घ्यायची. म्हणजे ओळीत एक जादा शब्द घालायचा. मग सांगकाम्या काय काय फेकणार ते नुसतं वाचून दाखवतो, हात कशालाच लावत नाही.

"तिकडे कचऱ्याची टोपली नाही गं बाई," आई म्हणायची. "फेकलं की फेकलं."

दोन्ही कपाटांत आजोबांचा आवाज होता. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तो जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून आईने त्यांना रोज समोर बसवून त्यांच्या सगळ्या गोष्टी रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. आता आजोबा खुर्चीच्या हातावर बोटांनी बोलायचे. एकदा टक म्हणजे हो, दोनदा टकटक म्हणजे नाही. जन्मभर सुतारकाम केलेली बोटं ती, टक असा खणखणीत यायचा.

एका सकाळी भिंगरीला शाळेसाठी व्हिडिओ करायचा होता, आणि लॅपटॉप म्हणे जागा नाही. सगळ्यांत फुगलेला फोल्डर आजोबांचाच. 'सगळं वर आहे, इथलं गेलं तरी बिघडत नाही,' हे आईचंच वाक्य. भिंगरीने फोल्डर रिकामा केला. शिवाय लॅपटॉपची कचरापेटीही झाडूनपुसून काढली. काम कसं, अगदी चोख!

दुपारी आईच्या कचेरीतून फोनवर फोन. खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून ती "हो साहेब, पाठवतेच," म्हणत होती. हात लागलाच आहे तर घरचंही उरकून टाकू, म्हणून तिने वरच्या बाणाचं बटण दाबून मागची ओळ परत आणली. दोन्ही कपाटं सारखी करण्याची ओळ. तालीम घेतली नाही. एंटर.

काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी सरसर वर सरकू लागल्या. शेजारी चित्र रंगवणाऱ्या भिंगरीने मान वर केली.

"आई, आजोबांच्या गोष्टी का पळतायत?"

"कुठे पळतायत?"

"त्या बघ ना. विहिरीतला शिंपी गेला. टक्कल पडलेला ढग गेला…"

फोन खाली पडला. आईने थांबवायची बटणं दाबली, पुन्हा दाबली, मग नुसतीच दाबत राहिली. सांगकाम्या थांबला, पण तोवर पलीकडचं कपाट घरच्या कपाटासारखं झालंच होतं, जवळपास रिकामं.

"मी केलं," भिंगरी पुटपुटली. "घरचं मी रिकामं केलं. तू म्हणालीस वर आहे…"

"हुकूम मी दिला," आई म्हणाली. तिला रागवायलासुद्धा जोर उरला नव्हता.

तिने क्लाउडवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "मॅडम, पुसलेल्याच्या प्रती राखायची सोय तुम्ही चालू केली नव्हती. आमच्या हातात काहीच नाही हो." ज्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं तो तर केव्हाच मोडीत गेला होता.

एकच फाइल वाचली होती. आईने ती लावली. आधी खोकला, मग आजोबा: "चालू झालं का गं हे? दिवा कुठे दिसत नाही तो… अगं, बघ की!" संपलं.

दारात काहीतरी हललं. आजोबा उभे होते. आपला आवाज त्यांनी ऐकला, आईचा चेहरा पाहिला, आणि सारं ओळखलं. आई "बाबा…" म्हणाली. आजोबांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून, आणि हळूहळू जाऊन खुर्चीत बसले.

भिंगरी भिंतीला टेकून उभी होती. मग आईचा फोन उचलून ती आजोबांच्या पायाशी जाऊन बसली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि नाक ओढून आजोबांचीच एक गोष्ट आठवेल तशी सांगू लागली, "एक होता लंगडा उंदीर."

टकटक.

"उंदीर नव्हता?"

टकटक.

"बरं, घूस. एक होती लंगडी घूस. ती राहायची… गिरणीत?"

आजोबांचं बोट खुर्चीच्या हातावर अधांतरी थांबलं. आता एक टक येतो की दोन, म्हणून भिंगरी त्या बोटाकडे बघत राहिली आणि फोन तिने आणखी जवळ सरकवला.