फिल्टरचं रबर

चार महिने गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि चार महिने मिस्त्री जावयाशी एक शब्द बोलला नव्हता. जावयाबद्दल मात्र गल्लीभर बोलत होता. "इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फोडलं त्यानं. कुठल्या तरी दगडावर घासली गाडी, तेल गेलं, आणि माझं माणूसही गेलं."

बायकोच्या छातीत कळ आली तेव्हा मिस्त्री गॅरेजात कुणाचं तरी इंजिन उघडून बसला होता. तिला घरच्या गाडीत घालून जावईच निघाला. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला, त्यानं गाडी थांबवली, दुसरी मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि बाई रस्त्याच्या कडेलाच संपली. दवाखाना तिथून दोन किलोमीटरवर होता.

लाल दिवा लागला की जागेवर बंद, एक वीतही पुढे न्यायची नाही, हे जावयाला शिकवलं होतं मिस्त्रीनंच. जावई शाळामास्तर, सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळणारा. पण राग कुणावर तरी काढावा लागतो, आणि हा आयता समोर होता.

मुलगी तेव्हापासून बापाकडेच राहिली होती. तिनंही चेंबरची गोष्ट खरी मानली होती. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, एकदा उघडून बघा तरी. आम्हा दोघांसमोर बघा. मग मी परत जायचं की नाही ते ठरवीन."

मिस्त्रीला तेच हवं होतं. रविवारी जावई यायच्या आत त्यानं गाडी उचलून उरलेलं तेल मापात काढलं. दीड लिटर निघालं. एवढ्या तेलात दोन किलोमीटर गाडी रडतखडत गेली असती. इंजिनाची माती झाली असती, पण गेली असती. हे त्यानं मुद्दाम पोटात ठेवलं. आधी फुटकं चेंबर दाखवायचं आणि मग हे तोंडावर मारायचं.

जावई आला, दारातच उभा राहिला. "दिवा धरायला सांग त्याला," मिस्त्री मुलीला म्हणाला.

तेल खाली ठिबकतं पण गळतं वरून, म्हणून नुसते डाग बघणारा हमखास फसतो. मिस्त्रीनं इंजिन रॉकेलनं घासून धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. डबा बायकोचा होता, तिच्या कपाटातला. शेडमध्ये तिचा वास पसरला तेव्हा मुलगी तोंड फिरवून उभी राहिली. मग नवं तेल भरून मिस्त्रीनं इंजिन चालू केलं आणि गाडीखाली सरकला. जावई दिवा घेऊन शेजारी आडवा झाला.

चेंबर पांढरंफेक होतं. कोरडं. ओरखडासुद्धा नाही. मिस्त्रीनं बोटानं चाचपलं, पुन्हा चाचपलं. तेवढ्यात पावडरीवर वरून एक काळी रेघ उतरली. ती तेलाच्या फिल्टरच्या कडेनं येत होती.

"बंद कर," तो मुलीला म्हणाला.

फिल्टर त्यानं हातानं फिरवून काढला. त्याच्या तोंडावर रबराची कडी जागच्या जागी होती. आणि वर, इंजिनाला चिकटलेली, चपटी झालेली दुसरी कडी होती. जुन्या फिल्टरची. जुना काढला की त्याचं रबर सोबत आलं का ते बघायचं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकतात. रबरावर रबर बसलं की चार दिवस धरतं आणि मग सरकतं.

बायको गेली त्याच्या आदल्या रविवारी फिल्टर बदलला होता त्यानंच. ती चष्मा घेऊन बाहेर आली होती.

"चष्मा घाला आधी."

"चाळीस वर्षं डोळे झाकून बदलतोय मी फिल्टर."

"मग एकदा उघडून बदला की."

हसत हसत तिनं चष्मा शेडच्या खिडकीत ठेवला होता. तो अजून तिथंच होता, धूळ खात.

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "ही रबरं दोन असतात का?"

जावयाला काय कळतंय त्यातलं. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. मिस्त्रीनं ती चपटी कडी नखानं खरवडून काढली.

"एकच असतं," तो म्हणाला. "दुसरं काढायचं राहिलं. माझ्याकडून."

गाडीबाहेर मुलीच्या चपला दिसत होत्या. मग त्या सावकाश दाराकडे गेल्या. चार महिने नवऱ्याला दोष दिला होता तिनं. आता कुठल्या तोंडानं थांबणार?

दोघं तसेच गाडीखाली पडून राहिले. जावयानं हातातला दिवा जमिनीवर टेकवला.

"मला एकच विचारायचंय, बाबा. चार महिने झोप नाही मला. त्या दिवशी थांबलोच नसतो, तशीच दामटली असती, तर पोचली असती का गाडी?"

कोपऱ्यात मापातलं तेल तसंच होतं. दीड लिटर. रबर काढायचं राहिलं तेव्हा मिस्त्रीनं बघितलं नव्हतं. या वेळी त्यानं जावयाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"नाही, जावईबापू," तो म्हणाला. "तेलाचा थेंब नव्हता तिच्यात. पुढच्या वळणापर्यंतसुद्धा गेली नसती."