अस्खलित

रहाटाचा तो एक लोटा तेवढा कलंडलेला, बाकीचे सरळ, आणि त्या एकातच मुंगळ्यांची रांग आत जात होती, बाहेर येत होती, आत काही नव्हतं तरी... आलोशियस मास्तर बंद पडलेल्या विहिरीच्या कठड्याआड उकिडवे बसून ते बघत होते. एकवीस वर्षं इंग्रजी शिकवणारा माणूस, आणि अठरा वर्षांच्या पोरीला भिऊन स्वतःच्याच केळीच्या वाडीत लपलेला.

पोरगी ओट्यावर बसली होती. सरला. दोन वर्षांपूर्वीची त्यांची विद्यार्थिनी. क्लेमेंटीनने तिला सांगितलं, सर पापडीला गेलेत, चर्चच्या कामाला. ‘चर्च’च्या आधी ती क्षणभर अडखळली, ते अडखळणं मास्तरांना इथपर्यंत ऐकू आलं. भाजीवालीशीसुद्धा खोटं न बोलणारी बायको — तिला हे बोलायला मी लावलं, कारणही न सांगता.

“मग थांबते मी, काकू. तीनला नोकरीची मुलाखत आहे, सातिवलीला. अर्धा तास सर माझ्याशी इंग्रजीत बोलले ना, तरी पुरे. त्यांच्याच पत्रावर तर बोलावलंय.”

त्यांच्याच पत्रावर! मार्चमध्ये ती शिफारसपत्र मागायला आली तेव्हा मास्तरांनी झोकात लिहून दिलं होतं, मुलगी अस्खलित इंग्रजी बोलते. तिला बोलताना त्यांनी कधी ऐकलं होतं? कधीच नाही. शब्द आला तो भिंतीवरच्या चौकटीतून, त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रातून. त्र्याहत्तर सालचं ते तीस दिवसांचं शिबिर — एक टेपरेकॉर्डर, चाळीस मास्तर, यंत्र बोलायचं आणि चाळीस जण एका सुरात त्याच्यामागून ओरडायचे, कीर्तनाला बसल्यासारखे. एकट्याला उभं करून कुणी कुणाला विचारलं नाही, कारण मग शिकवणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागलं असतं. शेवटच्या दिवशी फोटो, चिवडा आणि चाळीस जण अस्खलित. वरून फतवा आला होता म्हणे, इतके शिक्षक तयार झाले असं कळवा. कळवलं! मग तेच त्यांनी वर्गात केलं, साठ पोरं एका सुरात. व्याकरणात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. पण समोर माणूस बसला, त्याने इंग्रजीत काही विचारलं, की जीभ टाळ्याला चिकटायची. हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज अर्ध्या तासात या पोरीला कळलं असतं.

क्लेमेंटीन बादली घेऊन वाडीत आली. त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, “ती जेवायलाही नको म्हणते. तुमची वाट बघतेय. आणखी काय सांगू तिला? आता तुम्हीच सांगा.” आणि बादली रिकामीच घेऊन परतली.

ओट्यावरून आवाज यायला लागला. सरला एकटीच सराव करत होती. आधी साहेब व्हायची, मग सरला. “व्हॉट इज युवर नेम?” लगेच उत्तर. “कॅन यू स्पीक इंग्लिश?” — “येस सर, आय कॅन स्पीक इंग्लिश.” तोच हेल, शेवट वर ओढलेला, वर्गातला... माझा. तीनला हा माझा आवाज सातिवलीच्या कुठल्याशा खुर्चीसमोर उभा राहणार, आणि लोक एकमेकांकडे बघून हसणार — तिला.

तिला कळू नये म्हणून ते लपले होते. आता वाटलं, बाहेर गेलो आणि खरं सांगितलं, तरी ती मानायची नाही. म्हणेल, सर थट्टा करतात. ती भीती जास्त वाईट होती.

“टेल मी अबाउट युवरसेल्फ,” साहेब झालेली सरला म्हणाली. आणि थांबली. याचं उत्तर कुणी घोकून घेतलं नव्हतं. तिने प्रश्न पुन्हा विचारला, हळू, जणू समोर मास्तरच बसलेत आणि ते सांगतील.

मास्तरांचे ओठ हलले. नाव झालं. गाव झालं. पुढे जीभ अडली, ती अडणारच होती. बरं, मराठीत तरी सांग, त्यांनी स्वतःला बजावलं, कोण आहेस तू, मराठीत सांग... आणि कठड्यावर हात टेकून अर्धवट उठलेले मास्तर तसेच वाकून राहिले, मराठीतलं पहिलं वाक्य शोधत.