मे महिन्याची खोली

गोव्यातल्या हॉटेलांचे मे महिन्यातले भाव पाहिले आणि लताच्या नवऱ्याने मोबाईल टेबलावर पालथा घातला. "झाली सुट्टी!"

"खारदांड्याला जाऊ," लता म्हणाली. "माझ्या माहेरी, चांगले चार दिवस. समुद्र आहे, ताजी मासळी आहे, राहणं फुकट."

हितेश खो खो हसला. "आई, बोरिवलीहून दांडा म्हणजे ट्रिप? रिक्षावाला पण हसेल यार!"

हसण्यासारखंच होतं ते. ज्यांचं माहेर लांब, त्या वर्षातून एकदा जातात आणि आठ दिवस लोळून येतात. लताचं माहेर तासाभरावर, म्हणून हितेशच्या बाळंतपणानंतर चौदा वर्षांत ती तिथे एक रात्र राहिली नव्हती. सकाळी जायचं, जेवायचं, दिवेलागणीआधी उठायचं. आय दर उन्हाळ्यात विचारायची, "येशील ना गो राहायला?" आणि लता म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." कधी पोरं लहान, कधी क्लास, कधी सासूबाईंचा गुडघा. कारणं सगळी खरी होती, हीच तर पंचाईत.

तिने भावाला, तुळशीदासला, फोन लावला. "दादा, राहायला येतोय आम्ही. वरची खोली झाडून ठेव."

तो म्हणाला, "वर भाडेकरू आहेत गं."

"मे महिन्यात? मेमध्ये तर रिकामीच असते. तुमच्याकडे भाडेकरू टिकत नाहीत म्हणून मागच्या वर्षी मी आयला चिडवलं होतं."

"टिकायला काय झालंय? अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की लोक लगेच नवीन करतात. आय नाय करू द्यायची. जून ते एप्रिल भाडेकरू, मे मोकळा. म्हणायची, लता पोरांना घेऊन येईल. मी किती भांडलो! यंदा ती आपणहून म्हणाली, दे रे, राहू दे त्यांना."

"मला कधी बोलली नाही ती."

"बोलली असती तर तू ओढाताण करून आली असतीस. ते तिला नको होतं."

खालच्या एका खोलीत भावाचा संसार आणि आय. तिथे आणखी चौघं मावणार कुठे? शेवटी रविवारी गेले ते नेहमीसारखेच, सकाळी.

जेवणं झाल्यावर लताच्या लेकीला, कल्पिताला, पलंगाखाली दोन छोट्या गाद्या दिसल्या. फुलाफुलांच्या कापडाच्या, कोऱ्या करकरीत.

"आजी, या कोणाच्या?"

"तुमच्याच. वरती होत्या," आय म्हणाली. "तू चार वर्षांची होतीस तेव्हा भरून घेतल्या."

हितेश लगेच एकीवर आडवा झाला. गुडघ्यापासून खालचे पाय लादीवर आले. सगळे हसले. सगळ्यात जास्त आय हसली, आणि पदराने डोळे पुसत उठून डब्यात कालवण भरायला लागली. "निघा आता, उशीर होईल."

"आय, पुढच्या..." लता बोलता बोलता थांबली.

"या गाद्या पण ने गो," आय म्हणाली. "इथे उगाच जागा अडते."

रिक्षात दोन्ही गाद्या मांडीवर घेऊन चौघं दाटीवाटीने बसली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि हसून विचारलं, "शिफ्टिंग क्या, भाभी?"

हितेश हसला नाही.